तासाचा दर ठरवण्याआधी तास ठरवा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही बावधनला राहतो. मुलगा दीड वर्षाचा आहे. तो सहा महिन्यांचा असल्यापासून एक मावशी त्याला सांभाळायला येतात. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. पगार १४,००० रुपये. मावशी फार चांगल्या आहेत, मुलाला त्यांचा खूप लळा आहे. आता सासूबाई कराडहून कायमच्या आमच्याकडे राहायला आल्या आहेत आणि मलाही आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जावं लागतं. म्हणून मावशींनी मंगळवार, बुधवार, गुरुवार एवढंच यावं आणि पैसे तासावर द्यावेत असं आम्ही ठरवलं. मावशींनी तासाला १२० रुपये मागितले. मला धक्काच बसला. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर बहुतेकींनी ७०-८० सांगितले, वर ‘कृपया दर बिघडवू नका’ असंही लिहिलं. एकीने तर सुचवलं, की गावाकडून बारा-तेरा वर्षांची मुलगी आणून ठेव, जेवूनखाऊन दोन-तीन हजारांत भागेल. मला मावशींना गमवायचं नाही, पण आपल्याला नाडलं जातंय असंही वाटायला नको. योग्य दर किती? बाळ दुपारी दोन तास झोपतं, त्या वेळेचेही पैसे द्यायचे का? आम्ही गावाला गेलो तर? आणि हे सगळं त्यांच्याशी बोलायचं कसं?
— एक वाचक, बावधन, पुणे

उत्तर : त्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीचा विषय आधी संपवते. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला ऑक्टोबर २००६ पासून कायद्याने बंदी आहे. आणि कायदा नसता तरी त्या वयाच्या मुलीची जागा शाळेत आहे, दुसऱ्याचं मूल कडेवर घेऊन तुमच्या दिवाणखान्यात नाही. जिने हे सुचवलं तिला ग्रुपवरच तसं सांगा.

आता वही-पेन घेऊन बसा. तुम्ही आज मावशींना तासाला किती देता? महिन्याचे २६ दिवस, रोज दहा तास, म्हणजे २६० तास. १४,००० ला २६० ने भागलं की ५४ रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. आणि तेही दहा तासांचा दिवस धरून. कारखान्यात आठवड्याच्या ४८ तासांच्या, म्हणजे सहा दिवस धरले तर रोजच्या आठ तासांच्या, पुढचा तास दुप्पट दराने मोजतात. तोच नियम मावशींना लावला, तर त्यांचा दिवस बारा तासांच्या मोबदल्याचा होतो आणि तासाला ४५ रुपयांच्या आतच पडतात. १२० ऐकून तुम्हाला धक्का बसला तो या आकड्याच्या तुलनेत. तो तुम्ही कधी मांडून पाहिला नसेल, बहुतेक कोणी मांडतच नाही. महिन्याचे चौदा हजार म्हटलं की रक्कम मोठी वाटते आणि तास त्यात दिसेनासे होतात.

नवीन हिशेब असा. आठवड्याला तीस तास, वर्षाचे ५२ आठवडे, भागिले बारा : महिन्याला १३० तास. बरोबर निम्मे. जुन्या दराने मावशींच्या हातात सात हजार पडतील, ग्रुपवरच्या ८० ने १०,४००, त्यांनी मागितलेल्या १२० ने १५,६००. हे तीन आकडे एकाखाली एक लिहा आणि मावशींच्या बाजूने वाचा. त्यांच्या खोलीचं भाडं निम्मं झालेलं नाही. सिलिंडर निम्म्यात येत नाही. त्या बसने येत असतील तर पीएमपीचा महिन्याचा पास १ जून २०२५ पासून ९०० वरून एकदम १,५०० झाला आहे, आणि तीन दिवस प्रवास केला म्हणून तो कोणी स्वस्तात देत नाही. तो न काढता येतील त्या दिवशी ७० रुपयांचा दिवसाचा पास काढला, तरी महिन्याला नऊशेच्या वर गेलेच.

पण खरी अडचण वेगळीच आहे. सोमवार, शुक्रवार आणि शनिवार हे त्यांचे दिवस तुम्ही मोकळे करून दिलेत, पण ते दुसरीकडे लावता कुठे येतात? ज्या घरी बाळ आहे त्या घराला बाई रोज हवी असते. मधले तीन दिवस अडकलेली बाई रोजचं काम धरू शकत नाही. म्हणजे मावशी तुम्हाला तीन दिवस देतात आणि त्यापायी आठवडा गमावून बसतात. तुटक कामाचा तास बांधून घेतलेल्या कामाच्या तासापेक्षा महाग असतो तो याच कारणाने. त्यांनी १२० मागितले ते अंदाजाने मागितले असतील, पण त्यामागचं गणित चुकीचं नाही. यात नाडण्यासारखं मला काही दिसत नाही.

माझं मत विचाराल तर तासाला १०० रुपये द्या आणि महिन्याला १३० तासांची हमी द्या. १३,००० होतात. तुमचे जेमतेम हजार रुपये वाचतील, हे मला कळतंय. पण काम निम्मं केलं की खर्चही निम्मा होईल, ही अपेक्षा माणसाच्या बाबतीत धरता येत नाही. आणि हे तुम्हाला ओढाताणीचं होत असेल तर दर पाडण्याऐवजी मावशींचे बाकीचे दिवस भरायला मदत करा. तुमच्याच सोसायटीत सोमवारी-शुक्रवारी ऑफिसला जाणारी एखादी आई असेल. तिच्याशी मावशींची गाठ घालून द्या. आठवडा भरला, एकाच गेटमधून दोन्ही घरं झाली, तर ८५-९० ला त्या स्वतःहून तयार होण्याचा संभव आहे. तेव्हा तो कमी दर त्यांनाही परवडलेला असेल.

हमीवर मी इतका जोर का देते ते सांगते. मी कर्वेनगरला बरीच वर्षं पाळणाघर चालवलं. दुपारच्या ताई तासावर होत्या. मुलं कमी आली की ताईंना लवकर घरी पाठवायचं आणि तेवढे पैसे कापायचे, अशी पद्धत आजूबाजूला सर्रास होती. आमच्याकडे दोन ते सहा ठरलं की चार तासांचे पैसे मिळणार, मग मुलं चार येवोत की चौदा. एक ताई कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलने येण्या-जाण्याची वेळ लिहायच्या, इतक्या बारीक अक्षरात की मला चष्मा शोधावा लागायचा. कोणाचे बाबा ट्रॅफिकमध्ये अडकून सव्वासहाला आले, तर तो पाव तासही त्या चौकोनात असायचा. महिना संपला की आम्ही दोघी शेजारी बसून बेरीज करायचो, त्या मोठ्याने आकडे वाचायच्या आणि मी मांडायचे. त्या ताई टिकल्या. मुलांना रोज तेच हात मिळाले. दीड वर्षाच्या मुलाला याहून मोठी गोष्ट लागत नाही, आणि तुमच्या मुलाला ती आज मिळते आहे.

तुम्हीही स्वयंपाकघरात एक दोनशे पानी वही टांगा. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, दोघींची सही. मावशींना लिहिता येत नसेल तर घड्याळ दोघींनी बघायचं आणि आकडा तुम्ही त्यांच्यासमोर लिहायचा, संध्याकाळी आठवून नाही. पाव तासाच्या हिशेबाने वरची वेळ मोजा. साडेसहाला तुम्ही बाणेरच्या चौकात अडकला असाल तर तो वेळ मावशींनी तुम्हाला दिलेला आहे, सोसलेला नाही. साडेसहानंतर आणि रविवारी दीडपट दर ठेवा, आणि तो आत्ताच बोलून ठेवा. एखाद्या लग्नाला जाताना दारात उभं राहून ठरवू नका.

बाळ झोपतं तेव्हाचे पैसे द्यायचे, पूर्ण द्यायचे. रिक्षा थांबवून ठेवली तर मीटर चालूच राहतो. त्या दोन तासांत मावशी बाजारात जाऊ शकतात का? दुसरं काम करू शकतात का? मूल झोपेत दचकून उठलं, ओकलं, पलंगाच्या कडेला सरकलं, तर तिथे कोण आहे? तुम्ही पैसे देता ते मावशींच्या हालचालींचे नाहीत, त्या तिथे असण्याचे आहेत. आणि ‘झोपलंच आहे तर तेवढी मेथी निवडा’ हेही नको.

इथे सासूबाईंचा विषय येतो, आणि तुमच्या पत्रात त्यांचा नुसता उल्लेख असला तरी मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरात मोठं माणूस आलं की मूल सांभाळायला येणाऱ्या बाईचं काम हळूहळू बदलतं. हेतू वाईट नसतो. सासूबाई नातवाला मांडीवर घेतात, मावशी रिकाम्या दिसतात, मग ‘तेवढ्या चार पोळ्या लाटता का’, मग कूकर, मग गच्चीतले कपडे. दोन महिन्यांनी मावशी घरकाम करत असतात आणि सासूबाई मूल सांभाळत असतात, गुडघे दुखत असताना. मंगळवार ते गुरुवार मावशींनी काय करायचं ते आधी तुम्ही आणि तुमच्या यजमानांनी सासूबाईंपाशी बोलून घ्या. बाळाची आंघोळ, त्याचे कपडे, त्याचं खिमट, त्याची भांडी, संध्याकाळी खाली बागेत नेणं. बस. पोळ्या हव्याच असतील तर ते वेगळं काम, त्याचे वेगळे पैसे, आणि मावशींना नाही म्हणायची मोकळीक. सूचना एकाच माणसाने द्यायच्या. यजमानांचं नाव मुद्दाम घेतलं. त्यांच्या आईला हे त्यांनीच सांगावं, सुनेवर ढकलू नये.

तुम्ही गावाला गेलात तर १३० तासांच्या हमीत ते दिवस आले, पैसे कापायचे नाहीत. काही घरं अशा वेळी निम्मे देतात. मला ते पटत नाही. सहलीला तुम्ही जाता, चूल त्यांची बंद ठेवायची का? उलट बाजूने, मावशींना महिन्यात एक दिवस पगारी रजा द्या. त्यापुढच्या खाड्याचे पैसे कापायचे तर कापा, फक्त तापात कापू नका. तापलेली बाई पैशापायी कामावर आली तर ताप तुमच्याच मुलाला येणार. दिवाळीला एका महिन्याची रक्कम ही पुण्यात आता रीत मानतात, आणि ती काही आपोआप पडलेली नाही. १९८० साली या शहरातल्या मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्टी, बोनस यासाठी बायका धुणीभांडी सोडून रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे हे विषय पांढरपेशा घरांतून बोलले जायला लागले.

त्या इतिहासाच्या शहरात ‘दर बिघडवू नका’ हे वाक्य मला फार खटकतं. चाळीस घरं मिळून एका बाईचा मोबदला ठरवतात, आणि त्या ग्रुपवर ती बाई नसते. तुम्ही उत्तर देऊ नका, वाद घालू नका, पण ऐकूही नका. कर्नाटकाने २००४ साली घरकामाला किमान वेतन लावलं, आपल्याकडे तसा ठरलेला दर नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं केंद्र सरकारला सांगितलं. ते होईल तेव्हा होईल. आज तुमच्या मावशींचा दर तुम्ही दोघींनी ठरवायचा आहे. एक गोष्ट मात्र आपल्याकडे आहे : २००८ च्या कायद्याने आलेलं घरेलू कामगार कल्याण मंडळ. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना तिथे नाव नोंदवता येतं. अर्जाला काम देणाऱ्याचा दाखला लागतो, आणि बहुतेकींचं घोडं तिथेच अडतं, कारण लिहून द्यायला घरं घाबरतात. तुम्ही द्या. पंचावन्न पूर्ण झालेल्या नोंदीत कामगारांना दहा हजारांचं सन्मानधन देण्याची योजना याच मंडळाची आहे. मावशींचं वय विचारून बघा.

आता बोलायचं कसं. संध्याकाळी साडेसहाला, मावशींच्या पायात चपला आणि नजर घड्याळाकडे असताना नाही. एखाद्या गुरुवारी तासभर लवकर घरी या. मूल यजमानांकडे द्या, चहा करा, दोघी समोरासमोर खुर्चीवर बसा. त्या खाली बसू लागल्या तर तुम्हीही खाली बसा. सरळ आकडा सांगा : “मावशी, मंगळवार-बुधवार-गुरुवार, साडेआठ ते साडेसहा. तासाला शंभर मला देता येतील. आठवड्याला तीस तास पक्के, आम्ही गावाला गेलो तरी. तुम्हाला यात काय अडचण वाटते?” आणि थांबा. लगेच पुढचं बोलायची घाई करू नका. त्या ‘तुम्ही द्याल ते’ म्हणाल्या तर ते होकार समजू नका, बोलायचं धाडस होत नाही म्हणूनही बायका तसं म्हणतात. ‘घरी विचारून सांगते’ म्हणाल्या तर दोन दिवस द्या. १२० वर ठाम राहिल्या तर विचारा की दुसरीकडून बोलावणं आहे का. खरोखर कोणी पंधरा हजार द्यायला तयार असेल, तर तुम्हाला ११० पर्यंत जायचं की नाही हे ठरवावं लागेल. मी असते तर गेले असते. ‘तुम्ही तर आमच्या घरच्याच’ हे मात्र पैशांच्या बोलण्यात आणू नका. त्यानंतर बाईला काही मागताच येत नाही.

आणखी दोन गोष्टी. मावशींनी उचल घेतली असेल तर तिचा हप्ता आता निम्मा करा, महिन्याची मिळकत कमी झाली आहे. आणि पैसे फोनवरून पाठवत असाल तर तो नंबर कोणाचा आहे ते विचारा. पुष्कळदा तो मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. पैसे कोणत्या खात्यात हवेत हे मावशींना एकटीला विचारा आणि त्या सांगतील तसं करा. रोख म्हणाल्या तर रोख, पाच तारखेच्या आत.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, डोंबिवलीत राहते, बी.कॉम. करते. बिल्डिंगमधल्या दोन घरची मुलं मी संध्याकाळी सांभाळते. ‘तासभर बस’ म्हणतात आणि अडीच तासांनी येतात. कधी दोनशे देतात, कधी चॉकलेट. आई म्हणते शेजारधर्म आहे, पैसे काय मागायचे. मी मागू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : माग. शेजारधर्म अडीअडचणीला असतो. दवाखान्यात जायचं आहे, कोणी आजारी आहे, अशा वेळी फुकट बस आणि आनंदाने बस. नेहमीच्या शनिवारच्या सिनेमासाठी तुझा अभ्यासाचा वेळ जात असेल तर ते काम आहे.

आल्यावर मागायला जड जातं, म्हणून बोलावणं आलं की तिथेच सांगायचं : “काकू, येते. दोन तासांचे दोनशे, पुढच्या प्रत्येक अर्ध्या तासाचे पन्नास. दहाच्या आत या, उद्या माझं लेक्चर आहे.” कमीत कमी दोन तासांचे पैसे घेच. तासाभरासाठी बोलावलं तरी तुझी संध्याकाळ जातेच. परीक्षेच्या महिन्यात येणार नाही, हेही आधी सांगून ठेव. मुलाला कशाची अॅलर्जी आहे, औषध कुठे ठेवलंय, दोघांचे फोन लागले नाहीत तर कोणाला लावायचा, हे विचारल्याशिवाय त्यांना दाराबाहेर पडू देऊ नकोस. पैसे घेतेस म्हणजे तेवढी जबाबदारी तुझी. आणि परतताना काकूंनी स्वतः तुला तुमच्या दारापर्यंत सोडावं, एकाच जिन्यात राहत असलात तरी.

आईला हे उत्तर वाचायला दे. तिला काही म्हणायचं असेल तर तिने मला जरूर लिहावं.